दुखण्याचं सोंग

दांडी,
१२ ऑक्टोबर १९६६

गोदे,

अक्षर ओळखून पत्र तसंच चुलीत घालू नको. मेलीस तरी कळवू नको, असं तू सगळ्या घरादेखत म्हणाली होतीस. मी जिवंत हाय, म्हणून कळवतेय.

काम हाय. कामाशिवाय तुझ्यापुढं तोंड वेंगाडायची मला हौस नाय.

माझी कंबर गेली. गणपतीच्या आधी पाण्याची हंडी उचलली आणि पाठीत कट्कन वाजलं. पडून राहिले, शेक घेतला, उठले, पण उठले ती वाकलेलीच. आता चालते ती जमीन बघत. बोईसरच्या बाजारात मासळीची टोपली मांडून बसते तिथं नव्या वीज-प्रकल्पावर कामाला आलेल्या नगरकडच्या माणसांच्या बायका म्हावरं घ्यायला येतात. त्यातली गोजराबाई मला म्हणते, "आज्जी, काय हरवलं का वो?" मी म्हटलं, "कंबर हरवली, गावली तर आणून दे." आणि आज्जी काय ग? तिच्या नि माझ्या वयात फार फरक नसेल. बाकी बाई चांगली हाय, घासाघीस करत नाय.

दामू मला ओढत पालघरच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. तुझा भाचा आता चांगला तांडेल झालाय, खलाशी त्याचं ऐकतात, पण माझ्यापुढं अजून तोच हट्टी पोर. डॉक्टरनं पाठीचा फोटो काढायला लावला. फोटो उजेडाला धरून म्हणाला, "मणका चेपलाय. तुमची हाडं आतून पोकळ होत चालली आहेत. बाईचं महिन्याचं बंद झालं की अंगातला एक रस आटतो, त्या रसावर हाडं टिकतात. तो रस आता गोळीतून द्यायचा." त्याच्या जोडीला चुन्याच्या गोळ्या आणि मुशी माशाच्या काळजाचं तेल. ऐकलंस? मुशीचं तेल! आमी होडीच्या फळ्यांना चोळतो तेच. मी म्हटलं, डॉक्टर, डांबर पण फासा आणि वाळूत ओढून ठेवा मला. दामू हसला. डॉक्टर नाय हसला.

तेल मिळालं, चुना मिळाला, पण ती रसाची गोळी पालघरात कुठंच नाय. नावाची चिठ्ठी सोबत घातलीय. तू बायकांच्या हॉस्पिटलात आया हायस, तुला मिळेल. तीन आठवडे रोज एक घ्यायची, मग एक आठवडा थांबायचं, मग परत. डॉक्टर म्हणाला, "मधेच काही वेगळं झालं तर घाबरू नका, येऊन सांगा." हे बोलताना दामूकडं बघत होता, माझ्याकडं नाय. वेगळं म्हणजे काय, ते मुलासमोर मी पण नाय विचारलं.

आता तू म्हणशील, वाकून चाल, म्हातारीला काय करायचंय सरळ होऊन. मला होडी राखायचीय, गोदे. होडीवरनंच तू भांडून गेलीस, तरी लिहिते. हे गेले तेव्हा तू म्हणालीस, विक आणि माझ्याकडं मुंबईला चल. नाय विकली. अजून विकायची नाय. पण दामूचं मन प्रकल्पाच्या नोकरीकडं हाय. महिन्याचा पगार, वादळाचं भय नाय. मला तोंडावर सांगतो, "आय, तुझे हात चालतात तोवर होडी. तू बसलीस की मी विकली." जाळी मी विणते, मी सांधते, भरतीला होडी आली की पहिला हात माझा. सून चंद्रकांता हुशार हाय, पण तिला महिन्यातले चार दिवस जाळ्याजवळ जाता येत नाय. मला कोण अडवतंय? बाई म्हणून मी रिकामी झाले तेव्हाच तर जाळं माझं झालं. आपल्या घरात त्या आधी मला होडीच्या सावलीत उभं राहायलासुद्धा आज कितवा दिवस ते बघावं लागायचं.

तेव्हा गोळ्या पाठव. राग ठेव हवा तर, पण गोळ्या पाठव.

काशी


दांडी,
४ डिसेंबर १९६६

गोदे,

पुडकं मिळालं. आत एक ओळ नाय. गोळ्या, वर कापूस, वर कागद, कागदावर मागचं पुढचं काय नाय. मी दोनदा उलटून बघितलं. बरं. तुझी मर्जी.

पण गुण हाय, हे तुला कळायला पाहिजे. उठताना भिंतीला धरत नाय आता. पाठीत ती सुरी फिरायची ती बोथट झालीय. काल मी जाळं मांडीवर घेऊन दिवसभर बसले आणि दामूनं मला उचलून उभं केलं नाय, मी माझी उभी राहिले. चंद्रकांता म्हणाली, "आत्या, तुमी एक वीत उंच झाल्या." तेवढी काय झाले नाय, पण माणसांची तोंडं दिसतात आता. गोजराबाईचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं. तिला मिशी हाय.

पुढचं पुडकं वेळेवर पाठव. खाडा झाला तर रस आटेल.

काशी


दांडी,
९ जानेवारी १९६७

गोदे,

हे पत्र वाचून फाड. तुझ्या माणसाच्या हाती लागू देऊ नको.

माझं परत सुरू झालंय.

समजलं ना? ह्या वयात. दामूचा बाप जाऊन इतकी वर्षं झाली, त्याच्याही आधी बंद झालेलं. सकाळी जाळ्यावर बसले होते, उठले आणि लुगड्याला डाग. मला वाटलं माशाचं रक्त. मग कळलं. हातातली सुई तशीच टाकली. त्याच हातानं मी जाळं धरलं होतं, गोदे. बाजूला केलं, आत गेले, दार लावून घेतलं आणि रडले. सासू मेली तेव्हा पण नाय रडले एवढी.

हे काय हाय ते मला सांग. आपली रंभाआत्या अशीच गेली ना? बंद झाल्यावर परत लागलं, आणि मग वर्षसुद्धा काढलं नाय तिनं. मला तसलं काय झालंय का? का गोळीचं हाय? पालघरच्या डॉक्टरला विचारायचं तर दामू सोबत येणार. त्याच्यासमोर मी हे बोलू? आणि एकटी जाते म्हटलं तर त्याला शंका.

आणि दुसरं. घरातली एखादी बघेल तर काय म्हणेल? विधवा बाई, आणि हे. लोकांच्या जिभेला काय हाड हाय? माझं मेलीचं हाड ठिसूळ, त्यांच्या जिभेला तर तेवढंही नाय.

तुझ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई असतील. माझं नाव न घेता विचार. ह्या वेळी पुडकं मुकं पाठवू नको. तुझ्या पाया पडते.

काशी


दांडी,
६ फेब्रुवारी १९६७

गोदे,

चिठ्ठी मिळाली. "हे गोळीमुळंच होतं. थांबायच्या आठवड्यात येतं. घाबरू नको, गोळी सोडू नको. तरी एकदा तपासून घे, डॉक्टरीणबाई म्हणतात." एवढंच लिहिलंस, पण तुझंच अक्षर, तेच लंगडे काने. जीव भांड्यात पडला. मरत नाय मी एवढ्यात.

तपासायला मुंबईला ये म्हणशील. आत्ता नाय. आत्ता बोंबलाचे दिवस हायत, किनाऱ्यावर उभं राहायला माणूस नाय.

पण बाय, तू एक गोष्ट लिहायची विसरलीस. जाळ्याचं काय? दर महिन्याला ते येणार, म्हणजे दर महिन्याला मी बाजूला. आणि का बाजूला ते सांगायचं कुणाला? दामूला? खलाशांना? मी पडवीत बसले तर पहिल्याच दिवशी अख्ख्या दांडीला कळेल. आणि न सांगता जाळ्याला हात लावायचा, तर ते माझ्याच्यानं होणार नाय. तू हसशील, तू मुंबईत राहून सगळं सोडलंस. मी नाय सोडलं. पोटचा पोर त्या जाळ्याच्या भरवशावर पाण्यात जातो.

काढलीय मी एक वाट. निभावते. कशी ते विचारू नको.

काशी


दांडी,
१९ मार्च १९६७

गोदे,

तिसरं पुडकं मिळालं. पाठ चांगली हाय. खरंच चांगली हाय, कुणी काय पण सांगो. परवा टोपली डोक्यावर घेऊन बसच्या फाट्यापर्यंत गेले.

दामूनं तुला काय लिहिलंय का? लिहिलं असेल तर त्यावर जाऊ नको. तो आजकाल माझ्याकडं टक लावून बघत असतो. त्याला वाटतं त्याला सगळं कळतं.

काशी


दांडी,
२३ एप्रिल १९६७

गोदे,

गोळ्या गेल्या. दामूनं डबीसकट खाडीत फेकल्या. माझ्यासमोर. आणि मला ओरडता पण आलं नाय.

आता सांगते मी काय वाट काढली होती. ते चार दिवस आले की मी दुखण्याचं सोंग करायची. आंथरुणावर पडायचं, "अग आई ग, मेले, कंबर धरली," म्हणून कण्हायचं, कुशीवर वळायचं नाय, जाळं पुढ्यात आणलं तर तोंड फिरवायचं. कंबरेनं आडवी पडलेली बाई बाजूला बसली काय नि नाय काय, कोण विचारतंय? चार दिवस झाले की न्हायचं आणि उठायचं. महिन्याभरात मला फक्त तेवढेच दिवस पाठ दुखायची, आणि त्याच दिवसांत ती अजिबात दुखत नव्हती. पडल्या पडल्या मलाच हसू यायचं.

पण पोरगा माझा. तो काय बघत होता? आईला गोळ्या सुरू केल्या, आणि तेव्हापासून दर महिन्याला आई अशी पडते की पाणी पाजावं लागतं. आधी असं होत नव्हतं. गेल्या आठवड्यात मी अशीच कण्हत पडले होते, तर तो आला, डबी घेतली, म्हणाला, "आय, तीन आठवडे ही गोळी तुझ्या अंगात साचते आणि मग तुझी कंबर धरते. मी डोळ्यांनी बघतोय. पुरे झालं." मी म्हटलं, "ठेव ती डबी, मला गुण हाय." तो म्हणाला, "गुण? तुला कुशीवर वळता येत नाय!"

उठून डबी हिसकावली असती. तेवढी ताकद होती अंगात. पण उठले असते तर दुखत नाय हे कळलं असतं, आणि मग का पडलीस, हे सांगावं लागलं असतं. मी पडून राहिले. त्यानं मागल्या दारातनं खाडीत फेकली. परत येऊन माझे पाय चेपत बसला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. काय करू ग मी ह्या पोराचं?

चंद्रकांता सांगते, त्यानं तुला पत्र घातलंय, गोळ्या बंद करा म्हणून. खोटं हाय ते. म्हणजे त्याच्या बाजूनं खरं हाय, पण खोटं हाय. तू गोळ्या पाठव. घरी नको, बोईसरला गोजराबाईच्या नवऱ्याच्या नावावर पाठव, झुंबर नाव त्याचं. ती आणून देईल. पत्ता मागे लिहिलाय. लवकर कर.

काशी


दांडी,
१४ मे १९६७

गोदे,

झोपून लिहितेय, अक्षर लावून घे.

तुझ्याकडनं काय आलं नाय. गोजराबाई दोनदा येऊन रिकाम्या हातानं गेली. तुला माझ्यापेक्षा दामूचं पत्र खरं वाटलं का? का माझं पत्र पोचलंच नाय?

परत वाजलं पाठीत. ह्या वेळी हंडी पण नाय उचलली. ओलं जाळं ओढायला वाकले आणि खाली बसले ती बसलेच. दोन खलाशांनी फळीवर घालून घरी आणलं. श्वास घेतला तरी कळ निघते. आणि ऐक गंमत. चंद्रकांता दामूला काय म्हणाली? "आत्याचं ते महिन्याचं दुखणं हाय, गोळी अजून अंगात असेल, चार दिवसांत उठतील." आणि सगळे चार दिवस थांबले! मी ओरडत होते, आणि ते आपले वाट बघत होते, आता उठेल, उद्या उठेल. पाचव्या दिवशी दामू घाबरला आणि पालघरला धावला. डॉक्टर म्हणाला, आणखी एक मणका चेपला. "गोळ्या चालू आहेत ना?" विचारलं. दामूनं खाली बघितलं.

सोंग माझं, आणि ते माझ्याच उरावर बसलं.

त्यालाही आता कळेना, गोळीनं बिघडलं का गोळी नाय म्हणून बिघडलं. आणि मधल्या मधे होडीचं बोलणं सुरू झालंय. मुरब्याहून जिवल्या म्हणून एक जण येतोय बघायला. मी बसले की विकणार, असं दामूनं म्हटलंच होतं. मी तर बसले पण नाय, आडवी झाले.

गोदे, तू ये. नाय तर दामूला चार ओळी लिही. तू हॉस्पिटलातली, तू मावशी, तू लिहिलंस तर औषधाची गोष्ट होईल. मी बोलले तर काय होईल? आई मुलाला हे कुठल्या तोंडानं सांगते? हे पत्र चंद्रकांताच्या हाती टपालात टाकतेय, तिला वाचता येत नाय म्हणून. माझ्याकडं वेळ नाय. पावसाळ्यात होडी वर ओढायच्या आत जिवल्याला ती न्यायचीय.

ये ग बाय. भांडण नंतर करू.

काशी


दांडी,
२८ मे १९६७

गोदे,

तू आली नायस. मीच सांगितलं.

जिवल्या आला होता. खाटेवरनं मला सगळं ऐकू येत होतं. फळ्यांवर बोटं वाजवत होता. हिचा तळ कधी बदलला, ही फळी कशानं काळी पडली, असं विचारत होता. मला राहवलं नाय. मी अशी हाक मारली की दामू धावत आला, त्याला वाटलं मी गेले.

मी म्हटलं, "दामू, दार लाव. ते चार दिवस मला काय दुखत नव्हतं."

"म्हणजे?"

"माझं परत सुरू झालं होतं. गोळीनं होतं तसं. मावशीनं डॉक्टरीणबाईला विचारलंय. म्हणून मी पडायची, कंबरेच्या नावानं."

तो भिंतीकडं बघत राहिला. कान लाल झाले. आणि विचारलं काय त्यानं? "जाळ्याला हात लावलास त्या दिवसांत?"

"एकदा पण नाय. म्हणून तर सोंग केलं."

तो खाली उंबऱ्यावर बसला. "मीच फेकल्या, आय," म्हणाला. "बऱ्या करणाऱ्या गोळ्या मी माझ्या हातानं फेकल्या." आणि एवढा बाप्या तोंड झाकून रडायला लागला. मला बरं वाटलं, गोदे. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता सुटलं सगळं. मी म्हटलं, "रडू नको. आता कळलं ना? मावशीकडनं गोळ्या मागव. डॉक्टर म्हणतो हाड धरेल. श्रावणापर्यंत मी उठते. जिवल्याला वाटेला लाव."

त्यानं डोळे पुसले. म्हणाला, "गोळ्या मागवतो. आजच. पण मग दर महिन्याला तू परत लपवणार?"

"लपवीन. मला सवय झालीय."

"आणि मी बघत बसू? आय, मी खलाशांना सांगू शकत नाय, नि सांगितलं तर एक पण होडीवर चढणार नाय. तू लपवशील, मग एक दिवस मधेच हात लागेल, मग तू रात्रंदिवस जीव जाळशील, मी पाण्यात असलो की देवाला कौल लावत बसशील. नको. होडीच नसली तर तुला कुणापासून बाजूला बसायचंय?"

मला पहिल्यांदा कळलंच नाय तो काय बोलतोय. मग तो उठला. मी म्हटलं, "दामू, थांब. मला गोळी नको. वाकून राहीन. रांगत जाळं विणीन. गोळी नको मला, ऐकलंस का?" तो दारातनं म्हणाला, "तू रांगायचीस नाय," आणि बाहेर जाऊन जिवल्याला हो म्हणाला.

मी ओरडले. शिव्या घातल्या. त्याच्या बापाच्या नावानं शपथ घातली. पाठीतली कळ डोक्यापर्यंत गेली तरी ओरडत होते. शेजारच्या बायका दारात जमल्या. चंद्रकांता मला धरून बसली आणि तीच रडत होती. एवढ्या बायकांतल्या एकीलाही मी कशासाठी ओरडते ते मला सांगता आलं नाय. सगळ्या म्हणत होत्या, कंबर फार दुखते बिचारीची.

तू लिहिलं असतंस तर त्याला औषध म्हणून कळलं असतं. मी सांगितलं म्हणून त्याला माझी दया आली. ह्याचं उत्तर मला दे कधी तरी.

काशी


दांडी,
२ जुलै १९६७

गोदे,

पुडकं मिळालं. पत्र पण मिळालं, तीन पानांचं. दामूचं पत्र वाचून घाबरून थांबलीस, डॉक्टरीणबाई रजेवर होत्या, माझं पत्र उशिरा पोचलं, सगळं वाचलं. आता तुझ्यावर राग नाय. कुणावर धरू? मुंबईला ये म्हणतेस. तपासायला येईन, पाऊस ओसरला की. राहायला नाय येणार.

होडी पावसाच्या आधीच भरतीला गेली. जिवल्याच्या माणसांनी ढकलली. दामू मला उचलून किनाऱ्यावर न्यायला आला होता, मी नाय गेले. जाळी पण जिवल्यानंच घेतली, मी विणलेली सगळी. चांगली जाळी हायत, दहा वर्षं मरण नाय त्यांना.

दामू प्रकल्पावर लागला. सकाळी बस असते त्याची. निघायच्या आधी हातपाय धुऊन माझ्या खाटेशी येतो, डबीतनं एक गोळी काढतो, पाण्याचा पेला धरतो आणि मी गिळेपर्यंत हलत नाय. थांबायचा आठवडा आला की डबी स्वतःच वर ठेवून देतो, आणि माझ्याकडं न बघता म्हणतो, "आय, आराम कर." पोर किती मायेचा हाय बघ. त्याला मी काय बोलू? तोंड उघडते आणि गिळते.

कसं हाय विचारतो. कमी हाय म्हणते. खरंच कमी हाय, गोदे, गुण येतोय. आठवड्यापासून उठून बसता येतं, सरळ. चंद्रकांता दुपारी मला दारात पाट टाकून देते, उजेडाला बरं वाटतं म्हणून. समोर किनारा दिसतो, म्हणून मी समुद्राकडं पाठ करून बसते.

काशी